भोंगा ऐकू न येणारा माणूस

प्रिय उन्नी,

माझं सगळं बदललं ते तू माझ्या हातात दाताळं दिलंस तेव्हा. ट्रॉन्डहाइमचं कॉलेज अर्धवट टाकून मी तुझ्या नकाराचा जाब विचारायला आलो होतो आणि तू वीजघराच्या जाळीत अडकलेला पाला ओढत होतीस. म्हणालीस, "माझं उत्तर अजूनही 'नाही' असंच आहे, आस्लाक. भांडायचं तर भांड, पण हात चालव." मी अंधार पडेपर्यंत भांडलो, आणि पालाही ओढला. दुसऱ्या दिवशी तूच मला इथे कामाला चिकटवून दिलंस.

तू बर्गनला गेल्यावर तुझी खुर्ची माझ्याकडे आली. जाळी तुंबली की जनित्राचा आवाज कसा जड होतो, ते आता झोपेतही कळतं. तू शिकवलेली एक गोष्ट मात्र कुठल्या नियमात नाही. बंधाऱ्याचा दरवाजा उघडण्याआधी भोंगा तीनदा वाजवायचा. पण तुझे बाबा खाली नदीत गळ टाकून उभे असतील, तर आधी उतरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा. जनित्राशेजारी जन्म काढून कान गेलेले, त्यांना भोंगा कसला? दरवेळी म्हणतात, "मासा पळवलास, गाढवा," आणि डब्यातली चीज लावलेली अर्धी पोळी माझ्या हातात कोंबतात.

तुझ्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मी बॅग भरली. गाडीत टाकताना बाबांनी पाहिलं. "लग्नाला निघालास की मोडायला?" मी त्यांच्यावर वाटेल ते ओरडलो. ते कानाकडे बोट दाखवून हसले. "ओरड बाबा. माझ्यासारखा ऐकणारा तुला मिळायचा नाही." मग मलाही हसू फुटलं.

आज सकाळपासून पाऊस आहे. पाणी धोक्याच्या खुणेपाशी आलंय आणि आत्ताच शहरातून फोन आला, दरवाजा उघडा म्हणून. बाबा खाली उभे आहेत. परवाच्या तुझ्या लग्नाच्या पंगतीला स्वतः धरलेला सॅमन हवाय त्यांना. मी आज बर्गनला निघालो तर त्यांच्यापर्यंत खाली उतरणारं इथे कुणी नाही. बदली येणारा मुलगा भोंगा वाजवेल आणि कर्तव्य झालं समजेल. म्हणून मी येत नाही, उन्नी. रागाने नाही. नाही म्हणूनही तू मला हाकललं नाहीस, दाताळं दिलंस, बाबा दिलेस. तेवढं सांगायला हे पत्र. माशासोबत बाबाच आणतील. गाडीची किल्ली टेबलावर ठेवली, रेनकोट चढवला. खाली जातोय, दार ओढून घेतो.

अजून तुझाच,
आस्लाक