हौश्याला फोटोतून कापला

६ जानेवारी, मंगळवार

— आणि वर तो टीव्हीवाला बोंबलतोय, "बॉम्बसाठी खिळ्यांचा साठा सापडला!" अरे, नालबंदाच्या पेटीत खिळे न्हाई तर काय बुंदी सापडणार? लतीफभाऊ आमच्या बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकतो. त्याच्या बापानं माझ्या सासऱ्याच्या बैलांना ठोकल्या. शनिवारी पुण्याचे साध्या कपड्यातले पोलीस त्याला उचलून घेऊन गेले. त्यानं जुना मोबाईल बेल्ह्याच्या बाजारात विकला व्हता, तो कुणा भलत्याच्या हातात गेला म्हणं. करा की चौकशी, कोण नको म्हणतंय? पण नवरा कुठं हाय एवढं तरी बायकोला सांगाल का न्हाई? जैतूनवहिनी दोन दिवस ठाण्याच्या पायरीवर बसून व्हती. काल सोडला. "काही निघालं न्हाई, जा." हे मात्र टीव्हीवर एकदाबी आलं न्हाई.

आणि तो फोटो! आमच्या दारातला, पोळ्याचा. लतीफभाऊच्या शेजारी आमचा हौश्या उभा, शिंगाला बेगड लावलेली. टीव्हीवाल्यानं हौश्याला कापला आणि लतीफभाऊच्या तोंडाभोवती लाल गोल काढला. फोटो त्याला दिला कुणी?

९ जानेवारी, शुक्रवार

हौश्या लंगडतोय. डांबरीवर पत्री निसटली. आमचे हे म्हणतात, "थोडं थांबू. लोक काय म्हणतील." अर्ध्या गावाचे बैल लंगडतायत, पण लतीफभाऊला हाक मारायची कुणाची छाती न्हाई.

११ जानेवारी, रविवार

बोलावला. गोठ्यात न्हाई, भर चौकात, मारुतीसमोर. तो म्हणाला, "वहिनी, आत घेऊ. उगं तुमाला तरास." मी म्हणलं, "बैल माझा, चौक गावाचा. टाक दोर."

हौश्याला आडवा पाडला, पाय बांधले. पहिल्या खुराला लतीफभाऊचे दोन खिळे वाकडे गेले. दुसऱ्याला एकबी न्हाई. पारावरनं गेणभाऊ म्हणतो, "लतीफ, खिळे मोजून ठोक रं, टीव्हीवाला हिशेब मागंल." तवा कुठं गडी हसला. दुपारनंतर बैलांची रांग लागली. जैतूनवहिनीनं चहा धाडला. लई गोड. दोनदा प्याले.

१४ जानेवारी, संक्रांत

बरं चाललंय. हौश्या डांबरीवर टकटक चालतो, ऐकत बसावं वाटतं.

तिळगूळ घेऊन जैतूनवहिनीकडं गेले. ती म्हणाली, "कामं आली, सगळं आलं. पण फोटो कुणी दिला, हे त्यांच्या डोक्यातनं जात न्हाई. सख्ख्या भावावर संशय धरलाय. त्याच्याशी बोलणं बंद." तिचा दीर समोरच्याच घरात राहतो. मधी एक बोळ. तिळगूळसुदिक गेला न्हाई तिकडं.

१६ जानेवारी, शुक्रवार

फोटो ह्यांनी दिला. जेवताना मी लतीफभाऊच्या भावाचं सांगितलं, तर घास हातातच राहिला. "टीव्हीवाल्याचा फोन आला व्हता, लतीफचा फोटो हाय का म्हणून. कशाला पाहिजे ते मी इचारलंच न्हाई. हौश्या दिसतोय तोच धाडला. म्हणलं, आपला बैल टीव्हीवर येईल."

मी सांगितलं, दोघा भावांना समोर बसवून हे स्वतःच्या तोंडानं सांगा. जाणार का न्हाई? सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला निघायच्या आत मला उत्तर पाहिजे.