डब्यावरचा वेग

१५ जून २०२५, रविवार. वॉटफर्ड

सेकंदाला २,७९० फूट. काडतुसांच्या डब्यावर छापलंय २,९६०! आधी नेमबाजी क्लबातल्या अंशुमनच्या क्रोनोग्राफनं, गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रानं, सांगितलं. मग क्लबचं स्वतःचं यंत्र लावलं, त्यानंही तेच — दोन यंत्रांत तीन फुटांचा फरक. म्हणजे पक्कं.

माझ्या टू-फोर-थ्री रायफलची गोळी मला वाटत होती त्यापेक्षा मंद जाते. कारण अगदी साधं. कारखान्यात वेग मोजतात लांब नळीतून. माझी नळी आवाज दाबणारा मॉडरेटर बसवताना कापून अठरा इंचांवर आणलेली. नळी आखूड, वेग कमी. आणि किती अंतरावर गोळी किती खाली उतरेल याचा तक्ता मी केला तो डब्यावरच्या आकड्यावरून!

एकतीस वर्षं न्यूज डेस्कवर काढली. दुसरा सोर्स नसेल तर मंत्र्याच्या सर्दीची बातमीसुद्धा सोडली नाही. आणि इथे एका पुठ्ठ्याच्या डब्यावर विश्वास टाकला.

घरी येऊन गणित केलं. दोनशे साठ मीटरवर जवळपास सात सेंटीमीटर खाली.

गेल्या नोव्हेंबरातली हरिणी. तिला तेवढीच खाली लागली होती.

१६ जून

काल पुढे लिहवलं नाही. आज लिहून टाकते.

स्कॉटलंड, मॉरागचा डोंगर. मॉराग तिथली हरणांची राखणदार — साठीची बाई, बारा महिने डोंगरावर. दर हिवाळ्यात ठरलेली संख्या कमी करायची असते, नाहीतर हरणं नवी झाडं वाढू देत नाहीत आणि फेब्रुवारीत स्वतःच उपाशी मरतात. मी हर्टफर्डशरच्या एका शेतावर हेच काम सहा वर्षं करतेय. पण तिथं रानात, साठ-सत्तर मीटरवरून. एवढ्या लांबून पहिल्यांदाच.

डाव्या कानाला खाच असलेली हरिणी. दोनशे साठ मीटर. मी तक्ता पाहिला, श्वास सोडला, चाप दाबला. ती पुढच्या पायांवर खचली, उठली, आणि कळपाबरोबर धुक्यात गेली. मॉरागनं कुत्रा घेऊन चार तास शोधलं. हेदरच्या झुडपांवर थेंबभर रक्त, मग तेही नाही.

खाली जीपपर्यंत मॉराग एक शब्द बोलली नाही. दार उघडताना म्हणाली, "असं होतं. पण परत येशील तेव्हा कारण घेऊन ये."

सात महिने मी हाताला दोष देत होते. मग वयाला. मग वाऱ्याला.

तेव्हाच ठरवलं होतं, आज लिहून ठेवते: आणखी एकच संधी. पुन्हा एक जरी जनावर जखमी होऊन निघून गेलं, तर रायफल दुकानदाराला आणि परवान्याचं सर्टिफिकेट पोलिसांना परत.

१७ जून

मॉरागला फोन. कारण सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं. आता अशी रायफल शोध जिची तुला भीती वाटणार नाही. आणि डोंगरावर चढण्याआधी दोनशे मीटरवरून चहाच्या बशीत तीन गोळ्या. माझ्यासमोर."

शिवाय आणखी एक गोष्ट कळली होती, ती तिला सांगताना कान तापले. या वेगाला माझ्या गोळीत स्कॉटलंडच्या कायद्याला लागते तेवढी ताकदच नव्हती. इंग्लंडात पास, तिथं थोडक्यात नापास! तेव्हा टू-फोर-थ्रीचा प्रश्न संपला. कॅलिबर, म्हणजे गोळीचं मापच, बदलायचं.

२९ जून, रविवार

इथे हे दुकानात जाऊन साडी बदलण्यासारखं नाही. सर्टिफिकेटवर कॅलिबर नावानिशी लिहिलेलं असतं. चुकीचं निवडलं, की पुन्हा अर्ज आणि पुन्हा महिने.

अंशुमनचं मत केव्हाच तयार. पुण्याचा मुलगा, बँकेत सॉफ्टवेअर, हरीण जन्मात मारलेलं नाही — पण सगळे आकडे तोंडपाठ. "वैजूताई, थेट थ्री हंड्रेड मॅग्नम घ्या! सहाशे मीटरवर पण विषय संपला."

"सहाशे मीटरवर मला हरीण आहे की झुडूप तेच कळत नाही रे."

"मग किमान थ्री-ओ-एट. त्याच्या खाली म्हणजे ताई, दगड फेकण्यासारखं."

अंशुमनच्या थ्री-ओ-एटनं पाच गोळ्या झाडल्या. तिसरी-चौथी कुठेही. मी म्हटलं, वारा. पुढची काडतुसं अंशुमनच भरून देऊ लागला. चाप दाबला — आवाजच नाही! नळी मात्र हातभर खाली गेली. त्यानं मला न सांगता रिकामं काडतूस घातलं होतं.

"पाहिलंत? गोळी सुटायच्या आधीच तुम्ही जमिनीला नमस्कार करताय."

शरम वाटली. पण पटलं. खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची मला भीती वाटते, हे सत्तावन्नाव्या वर्षी एका रिकाम्या काडतुसानं सांगितलं.

मग त्याच्याच मित्राची सिक्स-फाइव्ह क्रीडमोर. मध्येच त्यानं पुन्हा रिकामं घातलं. चाप दाबला. नळी जागच्या जागी. केसभर हलली नाही! आणि लांबवर ही गोळी वेग चांगला धरून ठेवते, वाऱ्यानं कमी ढकलली जाते.

अंशुमन तोंड पाडून म्हणाला, "मॅग्नमचं काय मग?"

"तू घे. लग्नात आहेर म्हणून."

६ जुलै

अर्ज गेला. टू-फोर-थ्री द्यायची, सिक्स-फाइव्ह घ्यायची. कारणाच्या रकान्यात ऐंशी शब्द: जमीन, जनावर, अंतर. विशेषण एकही नाही.

संध्याकाळी नॉटिंगहॅमहून तनिषाचा फोन. ड्यूटी संपवून चालत घरी जात होती. "आई, म्हणजे तू त्या डिअरला सॉरी बोलायला नवीन गन घेते?"

हसले. मग फोन ठेवल्यावर बराच वेळ हसू आलं नाही. पोरीचं मराठी मोडकं असेल, निशाणा नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मंजूर!! सकाळी ९.४० ला लायसन्सिंग ऑफिसातल्या बाईंचा फोन. दुपारी ईमेलही आला. दोन सोर्स.

२० सप्टेंबर

नवी रायफल. डब्यावर २,७८०. माझ्या नळीतून २,६९५ — दोन्ही यंत्रांवर, दहा-दहा गोळ्या. कायद्याची ताकदही भरते, आरामात. या वेळी घरी येऊन तक्ता *माझ्या* आकड्यावरून केला. डबा रद्दीत.

५ ऑक्टोबर

पाऊस. दोनशेवर तीन गोळ्या. बशी कशाला, बशीतला कप पुरला असता.

११ ऑक्टोबर, शनिवार

तीनशे मीटर. पाच गोळ्या, सगळ्या माझ्या तळहाताखाली झाकल्या गेल्या. तक्ता म्हणतो तिथेच! अंशुमननं मोबाइलवर फोटो काढला, मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला. "ताई, हे तुम्हीच मारलंत ना?" क्लबात सगळ्यांना दाखवत फिरला. आता म्हणतो, तोही सिक्स-फाइव्हचा विचार करतोय.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. मॉरागकडे

सकाळी आठला निशाणाच्या लोखंडी पत्र्यासमोर, दोनशे मीटरवर. मॉरागनं खडूनं बशीएवढं वर्तुळ काढलं. तीन गोळ्या, तीन टिपके, तिन्ही आत. तिनं नुसती मान हलवली आणि जीप सुरू केली.

साडेअकराला कळप दिसला. दोनशे नव्वद मीटर. तिनं दाखवलेली म्हातारी हरिणी आडवी उभी, वारा तोंडावर. तक्ता होता, हात स्थिर होता.

"जमेल?" मॉराग कुजबुजली.

"जमेल," मी म्हटलं. आणि खरंच जमलं असतं. मग म्हटलं, "पण त्या ओढ्यातून जवळ जाता येईल ना?"

तिनं दुर्बिणीवरून डोळा काढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

पाऊण तास पोटावर. बाह्यांतून पाणी आत, कोपरं सोलली, तोंडात पीटची काळी माती. एकशे चाळीस मीटरवर डोकं वर काढलं. एक गोळी. ती उभी होती तिथेच बसली. बाकीच्या हरणांना काय झालं तेही कळलं नाही.

मॉरागनं हात पुढे केला. इथली रीत — जनावर पडलं की आधी हात मिळवायचा, बोलायचं नंतर. मग फ्लास्कच्या झाकणात घोटभर व्हिस्की. "तीनशेसाठी रायफल घेतलीस," ती म्हणाली, "आणि दीडशेच्या आत मारलंस."

"तीनशेला लागते हे माहीत होतं. म्हणून घाई झाली नाही."

उतरताना ती पूर्ण वाट बोलत होती! नातवाबद्दल, गुडघ्याबद्दल, नव्या मालकाबद्दल. मी ओली, चिखलानं माखलेली, आणि इतकी खूश, की स्वतःशीच गात होते. तनिषाला फोटो पाठवला. उत्तर: "वेल डन आई. मांस फ्रीझरमध्ये ठेव. मी येतो वीकएंडला."

सर्टिफिकेट परत करायचं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी मॉरागचा मेसेज, पाठोपाठ फोटो. लांबून काढलेला, पण दिसतंय: डाव्या कानाला खाच. पुढचा डावा पाय टेकवत नाही. जिवंत आहे! वर्षभर तीन पायांवर जगली. यंदा पिल्लू नाही. मॉराग लिहिते, हा हिवाळा ती काढणार नाही, थांबू नये. तीन दिवस तिनं स्वतः प्रयत्न केला. माणूस तीनशे मीटरच्या आत आला की निघून जाते. "गोळी तुझी होती. येतेस?"

येते म्हणून कळवलं. गुरुवारी, उजाडल्यावर. अंदाज सांगतो वारा पश्चिमेचा, हलका. दुसऱ्या ठिकाणीही पाहिलं. तेच.