गेटसमोर गाडी लावू नये

६ जानेवारी १९९९
अखेर स्वतंत्र गेट असलेल्या घरात राहायला आले. अमरावतीला जन्म गेला तो लोकांच्या माडीवर भाड्याने. बदली नाशिकला झाली आणि पंचवटीत ही बैठी जागा मिळाली. गेटाबाहेर कडुनिंब, आत स्कूटीपुरतं अंगण, आणि गंगा अगदी हाकेवर. इथे गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. शेजारच्या लताबाईंनी संध्याकाळी पिठलं-भाकरी आणून दिली, सोबत एकट्या बाईमाणसाला द्यायच्या हजार सूचना. त्यांना मी ‘वृंदा’ म्हणा म्हटलं, तर त्या लगेच अरे-तुरेवर आल्या. मला बरं वाटलं. चहा पायरीवर बसून प्याले.

१२ जानेवारी
गेटसमोर रोज कुणाची तरी गाडी. जीप, टेम्पो, काल तर ट्रॅक्टर. घाटावर दहाव्याला आणि अस्थी सोडायला लांबून आलेली माणसं, मोकळी जागा दिसली की घुसवतात. आयत्या बिळावर नागोबा. मी आज पाटी रंगवून लावली. लताबाई म्हणतात, दुःखातली माणसं आहेत, तासाभरात जातात, पाणीसुद्धा मागत नाहीत. दुःख मान्य आहे, पण माझी स्कूटी काय उडून बाहेर जाणार?

वर अस्थींचं गाठोडं घरात नेत नाहीत, भुईवर टेकवत नाहीत, म्हणून माझ्या कडुनिंबाला टांगतात. निघताना घरातलं कुणीतरी फांदीजवळ जाऊन मेलेल्याला सांगतं, आबा, चला. वाटेत जिथे थांबाल तिथे असं सांगावं लागतं म्हणे, नाहीतर तो जीव तिथेच बसून राहतो. मला हसू आलं. एसटीच्या थांब्यावर म्हातारी माणसं चुकतात तशीच ही तऱ्हा.

१९ जानेवारी
आज मी फार वाईट वागले का? लिहून बघते.

ऑफिसात तपासणी, आणि गेटाला अगदी चिकटून सिन्नरकडची जीप. माणसं गुरुजींना शोधायला गेलेली. फांदीला पांढरं गाठोडं. वाट बघून बघून डोकं फिरलं, मी ते गाठोडं काढलं आणि जीपच्या बॉनेटवर नेऊन ठेवलं. माणसं आली. मुंडण केलेला मुलगा ते बघून पांढरा पडला. हात जोडून म्हणाला, “बाई, माय हाय ती आमची. नवसाबाई. जीपमंदी लय ऊन लागत व्हतं, म्हून सावलीला ठेवली.” मी त्याला पाटी वाचता येते का विचारलं. आणखीही बरंच बोलले. भीड भिकेची बहीण, ती मला कधी नव्हतीच.

ती माणसं घाईने जीपमध्ये चढली. त्याची बहीण, तिला तो मीना म्हणत होता, खिडकीतून अर्धी बाहेर येऊन झाडाकडे बघत काहीतरी ओरडत होती. मी स्कूटीवर बसून हॉर्न दाबून धरला होता. जीप वळेपर्यंत बोट काढलं नाही.

ती काय म्हणत होती ते मला माहीत आहे. तिचं तिलाही ऐकू गेलं नसेल.

२० जानेवारी
काल संध्याकाळी जीप बाकीच्यांना घेऊन गावी गेली, पण दोघं भावंडं घाटावरून पायी परत आली होती. लताबाईंना कोपऱ्यावर भेटली. दिवसभर पिंडाला कावळा शिवला नाही, शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. माय गेटाशीच राहिली, असं मीना म्हणत होती. नुसती उभी राहून एक हाक मारली तर बाई रागावतील का, असंही तिने विचारलं.

ती दोघं माझ्या घराकडे बघत उभी होती. मी पडद्याआड होते. दार उघडून या म्हणायचं, एवढंच होतं. लाज वाटली म्हणून उघडलं नाही. शेवटच्या एसटीची वेळ झाली तशी ती गेली. त्यांचं गाव लताबाईंनी विचारलं नाही.

२५ जानेवारी
गल्ली गाड्यांनी भरलेली आणि माझं गेट मोकळं. गाड्या येतात, वेग कमी करतात आणि पुढे जातात. मला हवं होतं तेच मिळालं.

आज एक ड्रायव्हर पुढे गाडी थांबवून मागे आला. ताई, झाडाखाली तुमच्या आजी बसल्यात, त्यांना जरा सरकायला सांगा, म्हणाला. मी बघितलं. झाडाखाली ऊन होतं, दुसरं काही नाही. तो मात्र बोलताना त्या जागेला वळसा घालून गेला.

२९ जानेवारी
भर दुपारी झाडाकडे बघून मोठ्याने माफी मागितली. लताबाई म्हणाल्या, माफीने काय होणार, तिला घरच्या माणसाची हाक हवी.

माझ्यामुळे बसली आहे. अन्न गोड लागत नाही.

१ फेब्रुवारी
आज सहन होईना. झाडाशी गेले, म्हटलं, नवसाबाई, चला. काही नाही. मग म्हटलं, आई, चला.

खांद्यावर भार आला. म्हातारं माणूस आधाराला धरतं तसा. गंगेपर्यंत तसाच. गर्दीतले लोक दोघींना जागा करून देत होते. पाण्यात उभी राहून म्हटलं, जा आता. भार उतरला नाही —

लताबाईंना सांगितलं तर त्या दोन पावलं मागे सरकल्या. परक्याच्या मेलेल्या माणसाला आई म्हणालीस, म्हणाल्या. तुझ्याबरोबर गेली, ती तुझ्याबरोबरच परत आली.

४ फेब्रुवारी
गेटसमोर टेम्पो लागलाय. म्हणजे झाडाखाली कुणी नाही. मग —

गुडघे धरलेत. पायरी चढवत नाही. जिभेवर मिश्रीचा तिखटपणा. पर्समध्ये डबी निघाली. मी कधी घेतली?

७ फेब्रुवारी
ऑफिसला गेले नाही. खाली भुईवर बसलेय, खुर्ची नकोशी वाटते. सारखी मीना आठवते. लहानपणची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली — मला कुठली मुलगी. मी कधी —

९ फेब्रुवारी
जीप. तीच, सिन्नरची. लांब उभी केलीय, मला भिऊन. मीना गेटाशी आलीय. बरं झालं. आज दार उघडणार, पाया पडणार तिच्या — सांगणार की मीच —

झाडाकडे बघतच नाही ती. खिडकीकडे बघतेय. माझ्याकडे. रडतेय, हसतेय. माय, चल म्हणतेय —

मी वृंदा आहे. मी वृंदा —

किती वाळली पोर —

गंगेवर ना? आले गं मीने, पदर घेऊ दे, आले, तू व्हय पुढं, मी —