रसावरचे पाच दिवस

६ जानेवारी, मंगळवार. सावंतवाडी
माझे रिपोर्ट आले. लिव्हर तसंच, आखडलेलं. पोटात पाणी नाही, तेवढं बरं. हे बाहेर बाकावर बसले होते. "डॉक्टर काय म्हणाल्या?" म्हटलं, तसंच. चार महिने हेच उत्तर देतेय. मला दारूचा थेंब माहीत नाही, चरबीने केलं सगळं. तरी सिरॉसिस म्हटलं की लोक आधी ह्यांच्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

डॉ. बाईंना भावाच्या, दिगूच्या शिबिराबद्दल विचारलं. सात दिवस नुसत्या रसावर. त्यांनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, तुम्ही हे विचारताय?" बत्तीस वर्षं नर्स होते, म्हणून. मग शांतपणे सांगितलं. रस प्या, पण जेवणासोबत, जेवणाच्या बदली नाही. दिवसा तीन-चार तासांवर पोट रिकामं ठेवायचं नाही. निजण्यापूर्वी काहीतरी खायचंच, नाहीतर रात्रीत अंगचं मांस झिजतं. डाळ, अंडं, मासा तोडायचा नाही. काढे नकोत, गुळवेल तर अजिबात नको. गोळ्या चालू. "आणि उपवास हा शब्दच सोडा."
सगळं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं, एवढंच.

८ जाने.
दिगूचा फोन. माझा धाकटा भाऊ. आंब्याचा धंदा पोरावर सोपवून तीन वर्षं देवगडजवळच्या बागेत शिबिरं घेतो. स्वतःचं वजन रसावर उतरवलं, तेव्हापासून सगळ्यांना रस. "ताये, तुया ये. तुका बरी करून धाडतंय."
नाही म्हणवेना. सगळ्यांना नाही म्हणून म्हणून दमलेय.

पिशवीत कपड्यांखाली डबा ठेवला. भाजलेले चणे, शेंगदाणे, नाचणीचं सत्त्व. ह्यांनी पाहिलं. "भावाच्या घरी चोरून खाणार?"
"होय."
"त्यापेक्षा सरळ सांग त्याला."
सांगणार आहे. तिथे गेल्यावर.

११ जाने., रविवार
एस.टी.ने तळेऱ्याला उतरले. दिगू गाडी घेऊन उभा. वाटभर बोलत होता, कोहळा, गाजर, पेशी, विषं. मधे सांगायला तोंड उघडलं. त्याने त्याच वेळी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आवशीक काय करूक गावला नाय माका." आई गेली तेव्हा तो मुंबईला होता. सांगायचं राहिलं.
बाग मोहोरलीय. बारा माणसं आलीत. मला वेगळी खोली, बाकीचे शेडमध्ये.

१२ जाने.
सकाळी गुळवेलीचा काढा. मी माझा मोरीत ओतला. नऊला कोहळ्याचा रस, बाराला शहाळं, चारला गाजर-बीट, सातला पातळ कोकम, साखर नाही. मी मधे मधे खोलीत जाऊन चणे. वजन ६१. पाय सुजले नाहीत.
दिगू शिबिरात पुस्तकी मराठी बोलतो. "आपण शरीराला विश्रांती देतो आहोत." लोक माना हलवतात. चांगला बोलतो तो.

शेडच्या खांबाला टेकून एक माणूस बसतो. तांडेल. पन्नाशीचा. होडीवर जायचा, आता जात नाही. डोळे पिवळट. छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा. पोट पुढे, दंडाला मांस नाही. मला दहा पावलांवरून कळलं. बत्तीस वर्षांत किती बघितले असे.
बायकोने आणून सोडलाय म्हणे.

१३ जाने.
तांडेलशी बोलले. दारू सोडून आठ महिने झाले. बायकोने शपथ घातली. डॉक्टरने लिव्हरचं सांगितलं होतं.
"फॉर्मात लिहिलंत?"
"नाय. लिव्हर म्हणान लिवलंय तर घेवचे नाय ना. ती इतकी आशेन घेवन इली."
दिगूच्या फॉर्मात तसा रकानाही नाही. 'इतर आजार' एवढीच ओळ आहे.
संध्याकाळी दिगूला सांगायचं ठरवलं. तो माझ्यासाठी स्वतः किसलेल्या गाजराचा रस घेऊन आला, बोटं केशरी झालेली. उद्या सांगेन.

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ नाही. दिगू म्हणाला गोड बोला, तेवढं पुरे. सगळे हसले.

दुपारी खोलीचं दार लोटून सत्त्व खात होते. तांडेल पाणी मागायला दारात. वाटीकडे बघत राहिला. मी वाटी पदराआड केली, ह्या वयात.
"ताई, माका वायच देशात?"
काय म्हणाले मी? म्हणाले, "हे औषध आहे."
तो बरं म्हणून गेला. पाणी न घेताच.

दिलं असतं तर त्याने कुणाला तरी सांगितलं असतं. दिगूला कळलं असतं की मी पहिल्या दिवसापासून

नको आता.

१५ जाने.
तांडेल दिवसभर झोपून. दिगू म्हणतो, अशक्तपणा येतोच चौथ्या दिवशी. मी बाजूला घेऊन म्हटलं, "दिगू, तेका लिव्हर आसा. घरी पाठव."
"तेना लिवूक नाय तसा."
"मी सांगतंय."
"ताये, तुया पण लिव्हरचीच ना? तुका बघ कसा मानवला." खूश होता. वजन ६०.८, रंग बरा. चण्यांचा रंग.
तेव्हा तरी सांगायचं. डोकं दुखतंय म्हणून खोलीत आले.

१६ जाने., शुक्रवार
सकाळी साडेसातला शेडमध्ये गेले. तांडेल उठून बसला होता. सदरा उलटा. दोन्ही हात हवेत चालू होते, काहीतरी विणल्यासारखे. जाळं सांधत होता. नसलेलं.
"तांडेल, कोण मी?"
"खांब धर," म्हणाला. "धर गो, फाटता."
हात पुढे धरायला लावले. पंजे फडफडले, लिव्हरचं विष डोक्यात चढलं की फडफडतात तसे. पिशवीतल्या माझ्या साखर मोजायच्या यंत्रावर पाहिलं, ४८. फारच कमी. गिळता येतंय बघून साखरपाणी चमच्याने दिलं. थोडा सावरला, पण शुद्ध नीट नाही.

दिगू धावत आला. "ताये, घाबरा नको. विष भायर पडताना असा होता."
"गाडी काढ."
"वायच थांब, मी—"
"दिगू, गाडी काढ!"
इतक्या मोठ्याने त्याच्यावर लहानपणीसुद्धा ओरडले नसेन. काढली. मी मागे तांडेलचं डोकं मांडीवर घेऊन. देवगडला दवाखान्यात सलाईन लावलं, मग मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. नेला. तिथल्या डॉक्टरने विचारलं, "ह्यांना लिव्हरचा आजार आहे हे कुणाला माहीत होतं?"
दिगू खाली बघत होता. मी म्हटलं, "मला. सोमवारपासून."

१७ जाने.
बाकीच्यांना दिगूने भात-डाळ देऊन घरी पाठवलं. मी पिशवी भरत होते. डबा वरच राहिला होता. त्याने उघडून पाहिला.
"तुया खाय होतंस?"
"होय."
"पयल्यापासून?"
"होय. माका उपास चालणाच नाय. डॉक्टरबायन बजावलेला."
"मगे तेका कशाक सांगलंस नाय? माका कशाक सांगलंस नाय?"
तुझं मन मोडू नये म्हणून, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. ते खरं होतं, पण तेवढंच नव्हतं.
एस.टी.त बसवायला आला नाही. भावजय आली.

२० जाने.
तांडेलच्या बायकोचा फोन. काल बायकोला ओळखलं त्याने. पोटातलं पाणी काढलं. डोळे अजून पिवळे. "ताई, तुमी होतात म्हणान वाचलो तो." मी नुसतं हं हं करत राहिले. मग तिने विचारलं, "आता तेका पेजेबरोबर काय देव?" सगळं सांगितलं. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. निजताना पेज नाहीतर दूध. मूग, अंड्याचा पांढरा भाग. मीठ कमी. काढा कुणी कितीही सांगितला तरी नाही. फार झोपाळला, बडबडला, काळी संडास झाली तर तसाच उचलून आणायचा. तिने कागदावर लिहून घेतलं. मधे म्हणाली, "वायच हळू सांगा, माका बेगीन लिवूक येणा नाय."
ती लिहीपर्यंत थांबले.

२२ जाने.
डॉ. बाई. वजन ५९.५. घरी आल्यापासून घास उतरत नाही, म्हणून. त्यांना सगळं सांगितलं, वाटीसकट. म्हणाल्या, "तुम्ही तिथे पेशंट म्हणून गेला होतात, सिस्टर."
तुम्ही मला सिस्टर म्हणता ना, म्हटलं.
आठवड्याने परत बोलावलंय.

ह्यांनी तारली मासळी आणली, मीठ कमी घालून कालवण केलं. शेजारी बसून राहिले जेवेपर्यंत. सांगून टाकायला हवं होतंस, असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

२५ जाने., रविवार
तांडेलला अजून सोडलेलं नाही. काल परत ताप.

दिगूचा मेसेज. आठ दिवसांनी पहिलाच. पुढचं शिबिर २ फेब्रुवारीला आहे, बंद करूक जमणा नाय, लोकांनी सांगून ठेवलंय. काढा काढून टाकला. दोन वेळ जेवण, रस मधल्या वेळी. खाली लिहिलंय: "लोकांका काय इचारूचा ता माका कळणा नाय. तुया येवन दारात बसशील?"

एवढंच. रागाचं काही नाही, माफीचंही नाही.

खाली अकरा नावं पाठवलीत. वय, गाव. सातव्या नावापुढे, एक बाई, सत्तर वर्षांची, त्याने लिहिलंय: 'कावीळ झालेली. कधी ता सांगणा नाय. परत फोन करतंय.'

तीनदा वाचलं. आपणहून विचारायला लागलाय. पण माझं नाव दारात लागलं की लोक आणखी विश्वासाने येतील. नर्सबाई बसलीय म्हणतील. आणि मला दोन जिने चढले की धाप लागते.

उत्तर दिलेलं नाही.

हे विचारत होते, जाणार काय. म्हटलं, तळेऱ्याची गाडी सकाळी सातला असते.