झोळी नव्हे, हॅमॉक

२ मार्च, दुपार

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपेत तुमचा श्वास थांबतो. स्लीप अ‍ॅप्निया. मी विचारलं, थांबतो तर मी इथे तुमच्यासमोर कसा? यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे त्यांनी दिलं, चांगलं दहा मिनिटं दिलं, पण मला पटलं नाही.

उपाय काय, तर नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला मशीन. रात्रभर ते मशीन मला हवा देणार. मला! उभा जन्म एअर कंप्रेसर दुरुस्त करण्यात गेला. अर्ध्या शहराच्या कारखान्यांना हवा मी पुरवतो, आणि मला हवा पुरवणार हे टोस्टरएवढं डबडं?

मशीन घेतलं. फक्त हिच्या समाधानासाठी.

२ मार्च, रात्री

मास्क लावला. आरशात पाहिलं. काढला. उद्यापासून नक्की.

६ मार्च

मशीन कपाटावर ठेवलं आहे. तिथे धूळ लागत नाही.

ही उशी घेऊन हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला गेली. माझ्या घोरण्याला कंटाळून असेल असं वाटलं. तसं नाही म्हणे. तुम्ही घोरता तेव्हा मी निवांत असते, गप्प झालात की उठून बसते, असं म्हणाली. मी तिला शांतपणे दाखवून दिलं की मग तक्रार घोरण्याची नाहीच, शांततेची आहे, आणि शांततेची तक्रार करणारी बाई मी आजवर पाहिली नाही. तिने उशी काखेत मारली आणि सांगून टाकलं, ज्या रात्री मशीन लावाल त्या रात्री परत येईन.

याला सरळ सरळ ब्लॅकमेल म्हणतात. मी असल्या धमक्यांना भीक घालत नाही. सोफा तिच्या उंचीला आखूड आहे, दोन दिवसांत येईल.

पलंग छान मोकळा झाला.

१० मार्च

आली नाही. पलंग जरा जास्तच मोकळा आहे.

११ मार्च, सकाळ

सापडलं! इंटरनेटवर एका गृहस्थाने लिहिलंय, हॅमॉकमध्ये झोपायला लागलो आणि घोरणं गायब. अगदी साधं लॉजिक. सपाट झोपलं की जीभ मागे पडते आणि वाट बंद. डोकं वर, अंग तिरकं, की वाट मोकळी. हवेच्या लाइनला उतार दिला तर पाणी साचत नाही, हे आमच्या वर्कशॉपमध्ये झाडूवालाही सांगेल. इतकी वर्षं शिकून डॉक्टरांना सुचू नये?

मेहुण्याकडे हॅमॉक आहे. दर वर्षी तो तळ्याकाठी कॅम्पिंगला जातो आणि आम्हाला बोलावतो, आणि मी दर वर्षी नाही म्हणतो. या वर्षी हो म्हटलं. फोनवर त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

हिच्याशी रीतसर करार झाला. उघड्यावर, हॅमॉकमध्ये, मशीनशिवाय, एक अख्खी रात्र श्वास न थांबता झोपून दाखवायचं. दाखवलं, तर ही पलंगावर परत आणि मशीनचा विषय कायमचा बंद. नाही जमलं, तर मी मशीन लावायचं. ही दुसरी अट मी ऐकून घेतली, कारण तिची वेळच येणार नाही.

ही त्याला झोळी म्हणते. झोळी तान्ह्या बाळांची. हा हॅमॉक आहे.

१५ मार्च

मेहुण्याचा हॅमॉक आणला. गॅलरीत सराव. हुक निघाला, हुकाबरोबर मूठभर प्लास्टर निघालं, आणि त्यामागोमाग मी. खालच्या मजल्यावरचे विचारायला आले की काय पडलं. ही म्हणाली, काही नाही, हे. हल्लीच्या बांधकामात दमच नाही.

१६ मार्च

कंबर. रजा.

१९ मार्च, संध्याकाळ

वर्कशॉपमध्ये सराव. जेवणाच्या सुट्टीत मागच्या शेडमध्ये बीमला हॅमॉक बांधला. काय झोप लागली! ढाराढूर. ही गोष्ट कोणीच नाकारत नाही.

पुढे जे झालं त्याचा माझ्या झोपेशी संबंध नाही, तरी लिहून ठेवतो. शेडच्या पलीकडे गिऱ्हाइकाचा एक कंप्रेसर टेस्टिंगला चालू होता. त्याचा आवाज बिघडलाय असं आमच्या हेडमिस्त्रीला वाटलं. माणूस असा की नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो, आणि त्याचं निदान कधी चुकत नाही. त्याने सगळ्यांना गोळा केलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, “चालतोय, चालतोय, मधेच गप्प. मग झटका मारून सुरू. इनलेट चोक आहे. हवा आत जात नाहीये. असाच चालवला तर एक दिवस मोटर बसेल.”

कंप्रेसर बंद केला, खोलला. व्हॉल्व्ह, फिल्टर, रिंगा, सगळं जमिनीवर मांडलं. काही दोष नाही. आणि आवाज चालूच. मग आवाजाचा माग काढत सगळे माझ्यापाशी आले.

बाकीचे पोट धरून हसले. हेडमिस्त्री हसला नाही. माझ्याकडे बघत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, दादा, दाखवून घ्या कोणाला तरी.

मी त्याला ठणकावून सांगितलं की तुझं निदान कंप्रेसरचं आहे, माणसांना लागू होत नाही. शिवाय भरल्या पोटी झोपलो होतो, तो सराव धरायचाच नाही. घरी सांगितलं नाही. उगाच कशाला.

२१ मार्च

निर्धार. रात्री फक्त सूप. हलकं पोट, मोकळा घसा.

२२ मार्च

सूप. मग जेवण. सूपने भूक चांगली लागते.

४ एप्रिल, संध्याकाळ, तळ्याकाठी

पोचलो. मी, ही, मेहुणा, त्याची बायको. दोन दणकट झाडं निवडली. गाठी मी स्वतः मारल्या, कोन मी स्वतः काढला. मेहुण्याने आपला तंबू पार लांब, टेकाडापलीकडे ठोकला. तिथून तळं चांगलं दिसतं म्हणे. मी जाऊन पाहिलं. तिथून तळं दिसत नाही.

हिच्या बॅगेत काय निघालं? मशीन! बॅटरीसकट! मेहुण्याने बॅटरी मिळवून दिली, म्हणजे कटात तोही आहे. भाऊजी, राहू द्या जवळ, असं म्हणत होता. मी दोन्ही वस्तू गाडीच्या डिकीत टाकल्या आणि कुलूप लावलं. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून झोपतो आता. रात्रभर श्वास ऐकायला ही खुर्ची टाकून बसणार आहे. बस म्हणावं. तुलाच झोप येईल.

५ एप्रिल, सकाळ

जिंकलो.

इतक्या वर्षांत असा झोपलो नव्हतो. डोकं हलकं, तोंड कोरडं नाही. आणि निसर्ग! रात्रभर झुळूक होती. मधेच कुठेतरी खोल खोल गेल्यासारखं वाटायचं, तेवढ्यात झुळूक यायची, हॅमॉक झुलायचा आणि भरभरून श्वास यायचा. कोणत्या मशीनला जमेल हे? डॉक्टरीणबाईंना सविस्तर कळवणार आहे. घरी हॅमॉक पक्का बसवून घेणार, या वेळी भिंत तपासून.

निकाल मी चहाच्या वेळी जाहीर केला. ही नुसतं बरं म्हणाली. डोळे लाल दिसतात, चुलीच्या धुराने असतील. हार पचवायला वेळ लागतो माणसाला. मी मोठ्या मनाने विषय वाढवला नाही.

५ एप्रिल, दुपार

मेहुणा तंबू गुंडाळताना कुरकुरत होता. काल रात्रभर पान हललं नाही, उकडून जीव गेला म्हणाला. मी म्हटलं, माझ्या बाजूला वारा होता. तो म्हणाला, भाऊजी, बाजू एकच आहे.

मग हॅमॉक सोडायला गेलो. शेजारी हिची खुर्ची, पाय ओल्या मातीत चांगले रुतलेले. हॅमॉकच्या काठाला एक दोरी बांधलेली. ती गाठ माझी नव्हती. दोरीचं दुसरं टोक खुर्चीवर, हिच्या शालीखाली.

हिचा हात ओढून पाहिला. तळव्यावर दोरीचा लाल वळ.

मी विचारलं, मग उठवलं का नाहीस? जिंकली असतीस. म्हणाली, इतक्या हौसेने झोपला होतात. मग शाल झटकत म्हणाली, “थांबलात की ओढायचे. एकदा मात्र ओढतच राहिले, ओढतच राहिले, तरी तुम्ही काही श्वास घेईनात. तेव्हा घाबरले हो मी.”

मी म्हटलं, पण मी घेतलाच ना शेवटी. म्हणाली, “घेतलात. पण घरी सोफ्यापासून दोरी पोचत नाही.”

परतीच्या वाटेवर गाडीत ती झोपली. मी दोनदा आरसा तिच्याकडे वळवला. रस्त्यासाठी.

५ एप्रिल, रात्री

झोळी मेहुण्याला परत केली.

मशीन काढलं आहे. ही माघार नव्हे. हवेच्या धंद्यातल्या माणसाने एकदा तरी प्रेशर तपासायला हवं, एवढाच हेतू. तपासलं. बरं आहे. फिल्टर अगदीच चिमुकला, पण काम नीट केलंय बनवणाऱ्याने. आज एक रात्र टेस्टिंग म्हणून लावतो. मास्कमुळे वही नीट दिसत नाही, अक्षर वाकडं येतंय.

ही उशी घेऊन आली. मी तिला टेस्टिंगबद्दल समजावून सांगत होतो. बटण दाबेपर्यंत झोपलीसुद्धा.

घोरते. एका लयीत, कुठे अडत नाही. मी बराच वेळ ऐकत पडलो.

आता मशीन काढून ठेवणार होतो, टेस्टिंग झालं. पण हिने झोपेत नळी मुठीत धरली आहे. सोडवायला गेलं तर उठेल. राहू दे आजच्या दिवस.

आत्ता झोपेतच तिने नळी जरा ओढली. मी श्वास घेतला. तसा मी घेतच होतो.