खाटकाच्या काचेवरचं नाव

यानाबिल, व्हिक्टोरिया
सोमवार, ३ सप्टेंबर १९६२

ती. इल्माताईस,
लिंडसेचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. गहू गुडघ्याला लागलाय, मेंढ्या लोकर सांभाळून आहेत, आणि परवाच्या शनिवारी आम्ही आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची सेमीफायनल मारून थेट अंतिम सामन्यात गेलो! पंधरा तारखेला गुरूक गावच्या संघाशी गाठ आहे. सतरा वर्षांनी यानाबिल अंतिम सामन्यात, आणि प्रशिक्षक कोण, तर तुझा भाऊ. गावात मला आता कोणी चहाचे पैसे देऊ देत नाही. हरलो तर कोणी चहाही देणार नाही, हेही ठाऊक आहे.

आता जे सांगायचं टाळतोय ते सांगतो. आपला क्लॅरी. अकरा वर्षं तो दुसऱ्या संघात खेळतोय. ऑगस्टमध्ये टुओही खाटकाच्या पुतण्याचा, मॉरिसचा, घोटा मुरगळला म्हणून त्याला चार सामने पहिल्या संघात घेतलं. चारही जिंकलो. पण ताई, तू त्याची लाथ पाहिली आहेस. चेंडू डावीकडे मारायला गेला की उजवीकडे जातो आणि उजवीकडे मारला की बायकांच्या चहाच्या तंबूत. मागच्या महिन्यात मिसेस पेंगेलींच्या सायीच्या भांड्यात गेला, तो त्यांनीच काढून परत फेकला, आणि सरळ फेकला.

मॉरिसचा पाय आता बरा झालाय. पोराची लाथ अशी की चेंडू हातात आणून ठेवल्यासारखा. शिवाय क्लॅरी माझा भाऊ. त्याला ठेवलं तर सगळं गाव म्हणणार, घरचाच होता म्हणून घेतला. निवड तेरा तारखेला, गुरुवारी आहे. क्लॅरीची बायको नोला माझ्या बायकोपाशी बोलली की या हंगामानंतर तो बूट खुंटीला टांगणार आहे, वयाची एकतीस वर्षं झाली, आता पुरे म्हणतो.

तू तिथे बॅलॅरटला इस्पितळाचा वॉर्ड सांभाळत निवांत आहेस, तेव्हा सांग काय करू. रागावू नकोस. लोभ आहे, तो माझ्या भित्रेपणासकट असू दे.

तुझा,
लिंडसे

*

बॅलॅरट
गुरुवार, ६ सप्टेंबर

चि. लिंडसे यास अनेक आशीर्वाद.

निवांत? अठ्ठावीस खाटा, दोन नर्सा सर्दीने आडव्या, आणि मी निवांत! तू भेट, मग बघते.

रागावू नकोस असं लिहितोस तेव्हाच मी रागावते, हे तुला चाळीस वर्षांत कळायला हवं होतं. आई गेल्यावर तुम्हा दोघांना मी वाढवलं, तेव्हा भीड न ठेवता लिहिते. तुला क्लॅरीच्या लाथेची काळजी नाही. तुला टुओहीच्या दुकानातल्या कुजबुजीची काळजी आहे. भाऊ म्हणून घेणं चूक, हे मान्य. पण भाऊ म्हणून वगळणं हीसुद्धा तीच चूक आहे, फक्त ती करताना माणसाला आपण मोठे सज्जन आहोत असं वाटतं.

माझ्या वॉर्डात एक नर्स आहे. पट्टी अशी बांधते की मला सोडून पुन्हा बांधावी लागते. पण घंटा वाजली की ती पोचलेली असते, बाकीच्या खुर्चीतून उठेपर्यंत. तिच्या पाळीला कोणी खाटेवरून पडत नाही. मी तिला सोडणार नाही, डॉक्टरांनी कितीही नाक मुरडलं तरी.

एक काम कर. सरावाला क्लॅरीचे पाय बघू नकोस, ते काही बघण्यासारखे नाहीत. तो ज्याच्या मागे धावतो त्या माणसाचे हात बघ. मग ठरव, आणि ठरवलंस की मला सबबी लिहू नकोस.

मुलांना पापा. माया आहेच, पण ती गृहीत धरू नये.

तुझी,
इल्माताई

*

यानाबिल
शुक्रवार, १४ सप्टेंबर

ती. इल्माताईस सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. तू म्हणालीस तसे हात पाहिले. मंगळवारच्या सरावात मॉरिसच्याच मागे क्लॅरीला सोडलं. मॉरिसने सहा लाथा मारल्या, त्यातल्या चार वाकड्या. क्लॅरी त्याला शिवलासुद्धा नव्हता, नुसता फुसफुसत मागे येत होता. मॉरिस वैतागून म्हणाला की याच्या पायांचा आवाज ऐकूनच माझा चेंडू हातातून सुटतो.

हे सगळं पाहूनही काल निवडीत मी कच खाल्ली. निवड समितीतले टुओही आणि पेंगेली सर माझ्या तोंडाकडे बघत बसले, आणि मी क्लॅरीला एकोणिसावा केला. म्हणजे बाकावर, ओव्हरकोट घालून. अठरांपैकी कोणी बाहेर आला तरच आत, आणि एकदा बाहेर आलेला पुन्हा आत जात नाही, तेव्हा कदाचित कधीच नाही. आज सकाळी यादी खाटकाच्या काचेवर लागली. क्लॅरी आला, त्याने वाचली, मला म्हणाला की दादा, कोट नवा घेऊ की जुना चालेल? आणि हसला. मी हसू शकलो नाही.

सबबी लिहीत नाही. लोभ आहे का, हे विचारायची आज छाती नाही.

लिंडसे

*

यानाबिल
रविवार, १६ सप्टेंबर

ती. ताईस क्लॅरीचा सा. न. वि. वि.

दादा लिहायला तयार नाही. तो अजून हसतोय, मधूनच थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. म्हणून मीच लिहितो. माझं अक्षर माझ्या लाथेसारखंच आहे, सांभाळून घे.

चारपैकी तीन पाळ्या झाल्या तेव्हा आपण एकोणीस गुणांनी मागे होतो. मॉरिसने आधी तीन सुंदर गोल मारले, पण मग गुरूकवाले सशासारखे पळत सुटले आणि त्याचे पाय संपले. पाळीनंतरच्या सुट्टीत संत्री खाताना त्याने स्वतःच दादाला सांगितलं की मला काढ, माझ्यात काही उरलं नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी कोट काढला तो नोलाच्या अंगावरच फेकला.

ताई, मी कुंपणाचे खड्डे खणणारा माणूस. मला दुसरं काही येत नाही, पण दमायला मला वेळ लागतो. ज्याच्याकडे चेंडू गेला त्याच्या मागे गेलो. त्याने दुसऱ्याला दिला की दुसऱ्याच्या मागे. गुरूकचा एक जण ओरडला की या खुळ्याला कोणीतरी बांधून ठेवा रे! चेंडू मला चारदा मिळाला, त्यांपैकी तीनदा मी गुरूकलाच दिला. पण त्यांच्या हातून तो सुटायला लागला, आणि सुटलेला आपल्या पोरांनी उचलला. तीन गोल झाले, म्हणजे अठरा गुण. आपण एका गुणाने मागे.

आणि मग ती गंमत झाली. गुरूकच्या कोणा शेतकऱ्याचं घड्याळ पुढे होतं. सामना संपला असं वाटून त्याने गाडीचा हॉर्न दाबला. मैदानाभोवती त्यांच्या साठ-सत्तर गाड्या, सगळ्यांनीच दाबला. सामना संपल्याचा भोंगा झाला असं सगळ्यांना वाटलं. त्यांच्या बचावातल्या दांडग्याने चेंडू खाली टाकला आणि सोबत्याला मिठी मारली. आपली पोरं मटकन खाली बसली. पण पंचाने शिट्टी मारली नव्हती, हात वर केला नव्हता. आणि पंच चेंडू हातातून काढून घेईपर्यंत मी थांबत नाही, हे तुलाही ठाऊक आहे, जेवायला ये म्हणून किती वर्षं ओरडलीस तू.

मी चेंडू उचलला आणि पळालो. साठ यार्ड, मागे कोणी नाही. पळताना दर दहा यार्डांवर चेंडू आपटावा लागतो, तो मला आपटता येत नाही, म्हणून वाकून वाकून जमिनीला टेकवत गेलो. नोला म्हणते मी बटाटे पेरत चाललोय असं वाटत होतं. खांब समोर आले. दादा कडेने पळत ओरडत होता की मार, मार! पण तिथून मारला असता तर तो कुठे गेला असता हे तुला सांगायला नको. म्हणून आणखी जवळ गेलो. आणखी जवळ. दोन पावलांवर उभा राहून मारला.

खांबाला लागला, ताई.

गोल असता तर सहा गुण आणि कप घरात. खांबाला लागला म्हणून एक. बरोबरी. पुढच्या क्षणी खरा भोंगा झाला. दादा माझ्याकडे येत होता आणि मला वाटलं आता हा मला सगळ्यांदेखत मारणार. तो आला आणि गवतावर बसून हसायलाच लागला. मग सगळेच हसले, गुरूकवालेसुद्धा.

सामना येत्या शनिवारी पुन्हा होणार आहे. पण मला रात्रभर झोप नाही. शाळेतल्या पोरालाही तो गोल मारता आला असता. मॉरिसने डोळे मिटून मारला असता. आता दादा मला बाकावर तरी कशाला बसवेल?

नोलाचा नमस्कार. माझ्यावरचा लोभ त्या खांबाने कमी न व्हावा.

तुझा,
क्लॅरी

*

बॅलॅरट
बुधवार, १९ सप्टेंबर

चि. क्लॅरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की दोन पेशंट मला बघायला उठून बसले. त्यातल्या एकाला उठायची परवानगी नव्हती.

आता नीट वाच. तो गोल मॉरिसने मारला असता, खरं. त्या मैदानातल्या पस्तीस जणांनी मारला असता. पण त्या खांबांपाशी पोचला कोण? पस्तीस जण कुठे होते? मिठ्या मारत होते, नाहीतर बसले होते. मला तुझा अभिमान वाटतो, आणि तो तू जिंकलास म्हणून नाही, तेव्हा हरलास तरी कमी व्हायचा नाही.

निवडीचं मात्र मी लिंडसेला एक अक्षर लिहिणार नाही. यावेळी तुझं नाव लागलं तर ते ताईने रडून-भांडून लावलेलं नको. नाही लागलं तर कोट घालून बस, आणि ताठ बस.

शनिवारी माझी पाळी आहे, येता येणार नाही. जीव सगळा तिकडेच आहे.

तुझी,
इल्माताई

*

यानाबिल
शुक्रवार, २१ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र तुला सोमवारी मिळेल. तोवर सामन्याचा निकाल तू वर्तमानपत्रात वाचलेला असशील. पण ही बातमी वर्तमानपत्र छापणार नाही, म्हणून लिहितो.

काल निवडीला दादा खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. म्हणाला की क्लॅरीच्या नावावर मी बोलणार नाही, तुम्ही दोघे काय ते ठरवा. पेंगेली सरांनी मला नंतर सांगितलं की टुओहीने बराच वेळ पेन्सिल चावली आणि मग स्वतःच्या हाताने स्वतःच्या पुतण्याचं नाव खोडलं. म्हणाला की मॉरिसकडे चेंडू आला तर तो काहीतरी करतो, पण क्लॅरी आत असला की चेंडू आपल्याकडे येतो, आणि मला आधी चेंडू हवाय. मॉरिस एकोणिसावा. सकाळी तोच माझ्या घरी आला, हात पुढे केला, म्हणाला की काका, तुमच्यासमोर सराव करण्यापेक्षा बाकावर बसणं बरं.

दादाला आत बोलावून यादी लिहायला सांगितली. माझं नाव त्याने फार घाईने लिहिलं असं सर म्हणाले. खरंच घाई केली असावी, कारण त्या एकाच नावाचं अक्षर बिघडलंय.

नऊ वाजता मी दुकानापाशी गेलो. काचेवर यादी. वरून अठरा नावांत, तिसऱ्या ओळीत: क्लॅरेन्स ट्रेम्बाथ. अकरा वर्षं दर शुक्रवारी ती काच वाचतोय ताई, आणि दर वेळी खालून वाचायला सुरुवात करायचो, कारण नाव असलंच तर खालीच असणार. आज खालून वर येत येत मला वाटलं संपलीच यादी.

मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. टुओही ॲप्रनला हात पुसत बाहेर आला आणि खेकसला की बाजूला हो रे, मटण घ्यायला आलेल्यांना आत येता येत नाहीये. मी बाजूला झालो. मग मटणाच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो, म्हणजे सरकत सरकत काच समोर आली की नाव पुन्हा वाचेन आणि मला कोणी हलवणार नाही.

तुझा,
क्लॅरी