चामडं, कापड आणि मागची सीट

४ मार्च
जॅकेट घेणार म्हणे! परवा गाडीवरून पडलो दोघं, कोपर सोललं माझं, आणि जॅकेट घेणार नवरा! वळणावरची खडी त्याला दिसली नाही. मला मागून दिसत होती. ओरडेपर्यंत आडवे.

आमचं काम दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचं. तो गाडी चालवतो, मी मागे बसते, मांडीवर वजनांची पेटी. धरायला हात मोकळा नाही. मागच्या माणसाला काय, रस्ता मऊ लागतो?

५ मार्च
जॅकेट आल्याशिवाय गाडी काढायची नाही — फर्मान! तोवर बसने फिरायचं. एका कोटासाठी!

९ मार्च
लेदर की कापडी, लेदर की कापडी. जेवताना तेच, दात घासतानाही तेच. घसरलं तर चामडं जास्त टिकतं. कापडी हलकं, हवा खेळते, आत खांद्याला-कोपराला पॅड. मला विचारलं, तुला काय वाटतं? म्हटलं, तुझं अंग, तुझी कातडी, तू बघ. तो ताट उचलून उठून गेला. एरवी माझं एक वाक्य खाली पडू देत नाही.

१३ मार्च
दुकानात गेलो. लेदरचं आधी माझ्याच अंगावर चढवलं. का, तर वजन कळावं म्हणून! पंधरा वर्षं बायको होते, आज खुंटी झाले. भिजलेल्या पोत्यासारखं जड, वर घामाच्या धारा. मी स्पष्ट सांगितलं, यात मी तर शिजून मरेन. लगेच लेदर बाजूला. चला, एवढं तरी ऐकलं.

मग कापडी. साहेबांनी माप कुठलं मागावं? मीडियम! पोट कुठे ठेवणार होता कोण जाणे. तेही मलाच घातलं. दुकानदार म्हणाला, 'वहिनी, हात पुढे करा, हँडल धरल्यासारखे. पडताना पॅड कोपरावरून सरकता कामा नये.' मी म्हटलं, हँडल यांच्या हातातून कधी सुटलंय? लग्नाआधी बाबांच्या मालाच्या फेऱ्या मी करायची, त्यांच्याच मोटरसायकलवर. इथे आले ती मागच्या सीटवर.

दुकानदार हसला. नवरा हसला नाही. शिंप्यासारखा बाही ओढून ओढून बघत राहिला. काळा रंग नको म्हणाला, लांबून दिसणारा हवा. त्या मापात नव्हता, मागवलाय. पण तुझ्यासाठीही काही बघू या, असं एका शब्दाने नाही! येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले.

१४ मार्च
अबोला.

१७ मार्च
नणंदेला फोन करून सगळं ओकले. ती म्हणाली, दादाने विचार करूनच घेतलं असेल. हो तर! स्वतःचाच विचार. वर मला सल्ला, त्यालाच विचार ना सरळ. मी का विचारू? कोपर माझं सोललंय, दिसत नाही का त्याला?

२० मार्च
जॅकेट आलं. त्याने माझ्यापुढे धरलं. 'तुझं आहे. घाल.'

मग सांगितलं. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. कडेचं दिसेनासं झालंय, ते परत येणार नाही. गाडी कायमची बंद. 'तुला कसं सांगावं तेच कळेना. आता पुढे तू.'

इतके दिवस एकट्याने गिळलं हे! अशी चिडले मी! जॅकेट घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि किल्ली मागितली.